धागा कोणता, हे कोरियनमध्ये विचारताना

हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकातच लिव्हरपूलच्या बाजारात पोहोचले होते. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव किंवा वर्धा येथील कापडाच्या दुकानात वाढलेल्याला धाग्याची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. कापड बोटांत चुरले की त्याला कळते. सोलच्या दोंगदेमुन बाजारात मात्र, जेथे ठोक विक्री रात्रभर चालते, बोटांच्या जोडीला जीभही लागते. कोरियन मालिकांच्या छंदापायी घरातील तरुण मंडळींनी दहा-पाच शब्द उचललेले असतातच. त्यांचा येथे उपयोग होतो.

मराठी भाषकाला एक सोय आपोआप लाभते. कोरियन वाक्यातही क्रियापद शेवटी येते. ‘इबॉ ब्वादो द्वेयो?’ या प्रश्नाचे तुकडे पाडले तर ‘घालून, पाहिले तरी, चालेल?’ असेच निघतात. ‘इगॉ ऑल्मायेयो?’ म्हणजे ‘हे केवढ्याचे?’ भाव उतरवून मागायचा तर ‘क्काक्का जुसेयो’. फळ सोलण्याचे आणि केस कापण्याचे क्रियापदही हेच. शेवटचा ‘यो’ आदराचा. तो गाळला तर बोलणे अरेतुरेचे होते.

उत्तर ऐकताना कान सावध हवा. तेथील मोजणी ‘मान’वर, म्हणजे दहा हजारांवर चालते. ‘साम्मान’ म्हणजे तीस हजार वॉन, ‘सिम्मान’ म्हणजे एक लाख. एका स्वराचा फरक, पण किंमत तिपटीहून अधिक.

जैन कुटुंबाला मात्र भावापेक्षा धाग्याचा प्रश्न मोठा असतो. अखंड रेशीम मिळावे म्हणून कोश आतील जीवासह उकळतात किंवा वाफवतात. म्हणून अनेक घरांनी रेशीम सोडले आहे. ‘म्यॉनियेयो?’ म्हणजे ‘सुती आहे का?’ आणि ‘गाजुगियेयो?’ म्हणजे ‘चामडे आहे का?’ दुकानदाराच्या होकारावर न थांबता आतली पट्टी पाहावी. तेथे सुताला ‘म्यॉन’ आणि रेशमाला ‘ग्यॉन’ लिहितात. फरक केवळ पहिल्या व्यंजनाचा. राजा सेजोंगने १४४६ मध्ये प्रचारात आणलेली ही लिपी सुदैवाने सुबोध आहे. ‘म’ हा पूर्ण चौकोन, तर ‘ग’ हा सुताराच्या गुण्यासारखा काटकोन. चौकोन दिसला तर सूत, काटकोन दिसला तर रेशीम. (कोरियात कापूस रुजला तो चौदाव्या शतकात. मुन इक-जॉम या अधिकाऱ्याने चीनमधून त्याचे बी लेखणीच्या नळीत लपवून आणले, अशी तेथील आख्यायिका आहे.) कधी पट्टीवर रेशमासाठी इंग्रजी शब्दच कोरियन अक्षरांत ‘सिल्खू’ असा येतो, तोही ओळखीचा असावा.

खरी गफलत हिवाळी कोटात होते. तेथील थंडी कडाक्याची, आणि फुगीर कोटाच्या पोटात बहुधा बदकाची किंवा हंसाची पिसे. बाहेरचे कापड पूर्ण कृत्रिम असले तरी भरण वेगळे असते. पट्टीवर ते ‘छुंगजॉन्जे’ या शब्दापुढे स्वतंत्र नोंदवलेले असते. ‘ओरिथॉरियेयो?’, म्हणजे ‘बदकाची पिसे आहेत का?’, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावा. व्रतस्थ घराला हवे असलेले उत्तर ‘सोम’ हे आहे: भरणीचा कापूस किंवा कृत्रिम तंतू.