शिट्टी हवी, शिट्टी नको

धारच्या माणसाला रेल्वेची शिट्टी हवी आहे आणि देवासच्या माणसाला ती नको आहे. माळव्यातली ही दोन गावे एकमेकांपासून शंभरेक किलोमीटरवर, मध्ये इंदूर. दोन्ही संस्थाने पवारांची. दुसरा बाजीराव पेशवा जन्मला तो धारच्या किल्ल्यात, १७७५ साली. आणि देवासात तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती. म्हणजे मराठी माणसाला परकी नाहीत ही गावे. गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नाच्या निमित्ताने चार दिवस तिकडे होतो, तेव्हा दोन्हीकडचे बोलणे ऐकले. धारचे यजमान म्हणाले, "तुमचं बरं आहे हो, गोव्यात दारात गाडी. आम्हाला अजून इंदूर गाठावं लागतं." देवासला रुळांजवळच्या वसाहतीत राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना हे सांगितले, तर ते हसले. म्हणाले, "मी रात्री दोनदा उठतो. एकदा वयामुळे, एकदा मालगाडीमुळे."

दोघांचेही मला पटले. पण मास्तरांच्या घरी जमलेल्या मंडळींचे पुढचे म्हणणे काही पटले नाही. ते असे की इंजिनचालक मुद्दाम हॉर्न वाजवतात, त्यांना ताकीद द्यावी, रात्री दहानंतर हॉर्न बंद करावा. हीच मागणी आमच्या गोव्यातही, कासावली-माजोर्ड्यापासून चांदरपर्यंत रुळांच्या कडेला राहणारी माणसे करताना मी ऐकली आहेत. त्रास खरा आहे. फक्त तक्रार चुकीच्या दारात उभी आहे, असे माझे मत आहे.

आधी त्रासाविषयी. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. गोंयकाराला हा दहाचा आकडा कोणी शिकवायला नको! किनाऱ्यावरच्या संगीत पार्ट्यांमुळे तो रोज पेपरात असतो, आणि जत्रेतल्या नाटकवाल्यांना तर तो चांगलाच बोचलेला आहे. पहाटेपर्यंत चालणारी मराठी नाटके, दशावतारी काला, सगळ्यांना घड्याळ लागले. वर्षातून १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, तेवढीच. २०१० च्या दुरुस्तीने याच नियमांत आणखी एक कलम आले. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवू नये, सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद सोडून. मग माणूस साहजिकच विचारतो, आमच्या देवाच्या दारातले नाटक दहाला बंद, आणि ही गाडी दोन वाजता कशी काय ओरडते?

आता आकडे बघा. अमेरिकेत २००५ साली लागू झालेल्या नियमाप्रमाणे इंजिनाच्या हॉर्नचा आवाज समोर १०० फुटांवर किमान ९६ आणि जास्तीत जास्त ११० डेसिबल हवा. डेसिबलची मोजणी आपल्या साध्या बेरजेसारखी नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ४५ आणि ९६ यांच्यातले अंतर दुपटीचे नव्हे, कानाच्या हिशेबाने तीस-पस्तीस पटींचे. रुळांपासून तीसेक मीटरवर ज्याची खिडकी आहे, त्याच्या झोपेचे काय होत असेल ते सांगायला नको.

आणि शांतता ही काही चैनीची वस्तू नाही. देवासचेच उदाहरण घ्या. आपल्या शेजारच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयाने आजारी होऊन १९४८ साली देवासला राहायला आले. हवा कोरडी, गाव शांत. डॉक्टरांनी गाणे बंद केलेले. काही वर्षे हा माणूस अंथरुणावर होता आणि त्याच्याकडे उरले होते ते फक्त कान. त्या कानांनी त्यांनी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकली आणि त्या लोकधुनांतून पुढे त्यांचे नवे राग आले. ते 'अनूपरागविलास'मध्ये १९६५ साली ग्रंथरूपाने छापले गेले. त्या वर्षांत देवासला रेल्वेच नव्हती. इंदूर-देवास-उज्जैन हा रुळांचा मार्ग झाला तो १९६० च्या दशकात. रेल्वे असती तर कुमार झाले नसते, असला बालिश दावा मी करणार नाही. एवढेच म्हणतो की आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला, दहावीच्या पोराला, रात्रपाळी करून आलेल्या नर्सला शांतता औषधासारखी लागते, आणि ती काढून घेतली तर कोणीतरी जाब द्यायला हवा.

प्रश्न एवढाच, की कोणी?

इंजिनचालकाने नव्हे. रुळांच्या कडेला पिवळी पाटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, 'सी/फा'. सीटी आणि फाटक. इंग्रजीत 'डब्ल्यू/एल'. फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे ती उभी असते आणि तिथून चालकाने शिट्टी द्यायची असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी हे अंतर बावीस सेकंदांत संपवते. वेगातल्या गाडीला ब्रेक लावला तरी थांबायला बरेच अंतर लागते, काही वेळा याहूनही जास्त. म्हणजे समोर म्हैस दिसो की मोटारसायकल, चालकाच्या हातात खऱ्या अर्थाने एकच गोष्ट असते, ती म्हणजे हॉर्न. वळण आले, बोगदा आला, रुळांवर माणूस दिसला, तरी वाजवायचाच. तो रेल्वेच्या सामान्य नियमांना बांधलेला आहे. न वाजवता अपघात झाला तर पहिली चौकशी त्याचीच. अशा माणसाला ताकीद द्या म्हणणे म्हणजे रात्रीच्या गुरख्याला काठी आपटू नकोस म्हणण्यासारखे आहे.

बरे, नुसती बंदी घालून काय होते याचाही अनुभव जगाने घेतला आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९८४ पासून एका रेल्वेमार्गावर रात्रीच्या शिट्ट्या बंद करायला परवानगी मिळाली. लोक झोपले खरे, पण त्या फाटकांवरचे रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले आणि १९९१ साली केंद्र सरकारला ती बंदी तातडीने उठवावी लागली. यातून शहाणे होऊन पुढच्या नियमात त्यांनी 'शांत टापू' केले. ज्या गावाला शिट्टी नको असेल त्याने आधी फाटकांवर जादा अडथळे, दुभाजक वगैरे सोय करून दाखवायची, मग शिट्टी थांबते. इंग्लंडात २००७ पासून ठराविक फाटक-पाट्यांपाशी रात्रीची नेहमीची शिट्टी बंद असते. आधी रात्री अकरा ते सकाळी सात अशी वेळ होती, २०१६ साली ती मध्यरात्र ते सहा एवढी आखडली. रुळांवर माणूस दिसला तर मात्र चालक केव्हाही वाजवतो.

आपल्याकडे उलटाही धडा मिळाला आहे. १९ ऑक्टोबर २०१८, दसऱ्याची संध्याकाळ, अमृतसर. रावणदहन बघायला लोक रुळांवर उभे होते. फटाक्यांच्या आवाजात गाडी आल्याचे कोणाला कळले नाही. साठच्या आसपास माणसे गेली. ज्या समाजात आधीच सगळे ओरडत असतात, तिथे धोक्याची हाकही ऐकू येत नाही. म्हणूनही आवाज कमी व्हायला हवा, पण क्रम लावून.

तो क्रम कोणता? माझ्या मते शिट्टीचे मूळ फाटकात आणि उघड्या रुळांत आहे. जिथे रस्ता रुळांखालून किंवा वरून जातो, तिथे फाटकासाठी वाजवायचे कारणच संपते. जिथे दोन्ही बाजूंना धड कुंपण आहे आणि माणसांना ओलांडायला जवळच पादचारी पूल आहे, तिथे चालकाला दर शंभर पावलांवर कोणी दिसत नाही. ब्रॉडगेजवरची बिनराखणीची फाटके देशातून २०१९ च्या सुरुवातीपर्यंत संपली, हे मोठे काम झाले. राखणीची फाटके अजून हजारोंनी आहेत. फाटक हटवून पूल बांधायचा तर रेल्वे आणि राज्य सरकार दोघांनी हात लावावा लागतो, आणि इथेच घोडे अडते. मी स्वतः सरकारी कारकून आहे. दोन खात्यांच्या मध्ये पडलेली फाईल कशी झोपते हे मी सांगायला नको. रुळांजवळचा माणूस झोपत नाही, फाईल झोपते!

"रुळांजवळ घर कोणी बांधायला सांगितले होते?" असे विचारणारेही भेटतात. काही ठिकाणी हा प्रश्न रास्त असेल. वसाहतीचा आराखडा मंजूर करणाऱ्यांना तर तो जरूर विचारावा. पण चांदरला तो विचारता येत नाही. चांदर म्हणजे जुने चंद्रपूर, एके काळची राजधानी. मुरगावची रेल्वे आली १८८० च्या दशकात. आधी कोण आले ते उघड आहे. याच चांदरला नोव्हेंबर २०२० मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध माणसे रात्रभर रुळांवर बसली. कोळसा हा तिथला मुख्य मुद्दा होता आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण दुसरा रूळ म्हणजे जास्त गाड्या, आणि जास्त गाड्या म्हणजे जास्त शिट्ट्या, हे गणित तिथल्या माणसांना कळत होते.

म्हणून मला धारचे महत्त्व वाटते. इंदूर-दाहोद मार्गाचा शिलान्यास फेब्रुवारी २००८ मध्ये झाबुआला झाला. काम रखडत राहिले, धारने कितीतरी वर्षे वाट पाहण्यात काढली. वाट पाहणाऱ्याला आवाजाची तक्रार सुचत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण नवा मार्ग म्हणजे कोरी पाटी. फाटकाऐवजी पूल, दोन्हीकडे कुंपण, आणि रुळांपासून घरांचे राखलेले अंतर या तीन गोष्टी आधीच केल्या तर धारची शिट्टी लोकांना सुखाची वाटत राहील. नाही केल्या, तर वीस वर्षांनी धारचे मास्तरही रात्री दोनदा उठतील.

आणि जुन्या गावांनी काय करावे? कारकून म्हणून एक फुकटचा सल्ला देतो. अर्जाच्या विषयात 'हॉर्नच्या आवाजाबाबत' असे लिहू नका. तो अर्ज 'सुरक्षेच्या कारणास्तव शक्य नाही' एवढ्या एका ओळीत निकालात निघतो. फाटकाचा क्रमांक लिहा. तो तिथेच पाटीवर असतो. त्या फाटकावर भुयारी मार्ग वा पूल आणि अमुक ठिकाणी कुंपण व पादचारी पूल मिळावा, असे लिहा. एक प्रत रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला, एक बांधकाम खात्याला, पंचायतीचा ठराव सोबत. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या आणि दोन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात विचारा, की फाईल कोणाच्या टेबलावर आहे.