परीक्षा पुस्तकाचीही व्हावी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती आणि इंदापूर हे तालुके जोडलेले आहेत. परंतु इंग्रजीच्या बाबतीत तेथे दोन वेगळी जगे नांदतात. बारामती शहरातील सुशिक्षित घरातल्या मुलाच्या कानांवर शाळेबाहेरही इंग्रजी पडते. इंदापूर तालुक्यात भवानीनगर साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबाच्या कोपीत ती पडत नाही. तेथील मुलासाठी इंग्रजी खऱ्या अर्थाने परकी आहे.

जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. ती यावी की न यावी, यावर तेव्हा रणे माजली. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या शासन निर्णयावरही वादळ उठले आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. भाषा कोणती, यावर आपण हिरीरीने भांडतो. मुलाच्या हाती पडणारे पुस्तक कसे आहे, हे मात्र क्वचितच उघडून पाहतो.

मराठीत 'क' सर्वत्र 'क'च असतो. इंग्रजीतील 'सी' हे अक्षर कॅटमध्ये 'क' होते आणि सिटीमध्ये 'स'. अशा भाषेची सुरुवात अक्षरे आणि स्पेलिंगांनी केली, तर उरते ती केवळ घोकंपट्टी. आधी कान, मग जीभ, त्यानंतर डोळा आणि हात, हा क्रम पुस्तकाने पाळला आहे काय? मराठी मुलाच्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते मध्ये शिरते. 'जाळे' या शब्दातला 'ज' इंग्रजी 'झू'च्या उच्चाराला जवळचा आहे. हे भांडवल मुलाजवळ आधीच आहे. परदेशी मुलांसाठी रचलेल्या गुळगुळीत पुस्तकाला याची जाणीव कोठून असणार? १९६७ पासून पुण्यात काम करणाऱ्या बालभारतीला ती असू शकते, असलीच पाहिजे.

चित्रांचेही तेच. बर्फ मुलांनी पाहू नये असे नाही. पण शब्दही नवा आणि वस्तूही नवी, हे दुहेरी ओझे सहा वर्षांच्या मुलावर कशासाठी? भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, ते त्याच्या ओळखीचे आहेत.

सर्वांत कठीण कसोटी ऊसतोड कामगारांच्या मुलांची. दिवाळीनंतर ती वर्गात येतात आणि गाळप संपताच गावी परततात. पाचवा धडा पहिल्या चारांवाचून कळत नसेल, तर ते पुस्तक त्यांच्यासाठी मिटलेलेच राहते. म्हणून छपाईपूर्वी प्रत्येक पुस्तक बारामती शहरातील एका शाळेत आणि इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चालवून पाहावे. तेही डिसेंबरात, कोप्या भरलेल्या असताना, आणि लेखकांनी मागच्या रांगेत बसून.