तेरा भागांत संपलेल्या मालिका पेण-रोह्यात अजून का आठवतात?

पेणच्या गणपती कारखान्यांत एकेकाळी ‘जय मल्हार’ रूपातल्या मूर्तींना जोरदार मागणी होती. मालिका २०१७ मध्ये संपली, पण मूर्तींच्या फोटोंत तरी तिची खूण उरली. त्याआधी पंचवीस-तीस वर्षं दूरदर्शनवर आलेल्या आणि तीन महिन्यांत निरोप घेतलेल्या मालिकांचं तसं झालं नाही. पेण काय, रोहा काय, चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींना त्यांची शीर्षकगीतं आजही तोंडपाठ असतात. शेवटी काय झालं, ते मात्र आठवत नाही. मोबाइलवर शोधलं तरी अनेकदा हाती काही लागत नाही.

मुळात तेराच भाग का?

हिशेब साधा आहे. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे एका तिमाहीचे १३. मालिका आठवड्यातून एकदा लागायची, त्यामुळे मंजुरीही साधारण तेरा भागांची मिळायची. प्रतिसाद चांगला असेल तर मुदतवाढ. केतन मेहता यांची, मोहन गोखले नायक असलेली ‘मिस्टर योगी’ १३ भागांत आटोपली. शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ आधी ३९ भागांची होती, म्हणजे तेरा त्रिक. त्यामुळे ‘लवकर बंद पडली’ असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यातल्या कित्येक बंद पडल्याच नव्हत्या. ठरल्या जागी संपल्या होत्या. पुढे खासगी वाहिन्या आणि रोजच्या मालिका आल्या. ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांहून अधिक भाग गाठले आणि संपणं हेच अपयश वाटू लागलं. २०१५ मध्ये आलेली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ वर्षभराच्या आत संपली, तेव्हा कॉलेजातल्या मुलांना चुटपुट लागली ती त्यामुळेच.

मग लक्षात का राहिल्या?

एक तर दुसरी संधी नव्हती. कौलावर चढून अँटेना फिरवायचा, खालून ‘आलं का?’ला ‘अजून मुंग्याच!’ असं उत्तर यायचं. त्यात वीज गेली की तो भाग गेलाच. त्यामुळे जे दिसायचं ते डोळ्यांत साठवलं जायचं. शिवाय गल्लीतली सगळी पोरं एकाच वेळी एकच गोष्ट बघायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तीच पुन्हा सांगायची. ही उजळणीच होती.

मानसशास्त्र सांगतं की साधारण दहा ते तीस वर्षं वयातल्या आठवणी माणसाला पुढे जास्त ठळक आठवतात. अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं, असंही १९२७ मध्ये ब्लुमा झायगार्निक यांनी मांडलं होतं. नंतरच्या प्रयोगांत ते दर वेळी सिद्ध झालं नाही. पण वीज गेल्यामुळे हुकलेला शेवटचा भाग ज्यांना आजही सलतो, त्यांना ते पटेल.

आता सापडत का नाहीत?

त्या काळी व्हिडिओ टेप महाग होत्या. जुनं पुसून त्यावर नवं चित्रित करण्याची पद्धत जगभर होती. बीबीसीसारख्या संस्थेकडेही ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग आज नाहीत. आपल्याकडे मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ‘रामायण’ पुन्हा लागलं, एप्रिलमध्ये डीडी रेट्रो वाहिनी आली, नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्ज’ हे अ‍ॅप आणलं. या सगळ्यात पहिला मान मोठ्या हिंदी मालिकांना मिळाला. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेल्या मुंबई केंद्राच्या मराठी मालिकांपैकी किती भाग शिल्लक आहेत आणि किती पुसले गेले, याची भागवार यादी प्रसार भारतीने आधी लोकांसमोर ठेवायला हवी. ‘चिमणराव’ किंवा ‘गोट्या’ची आठवण निदान सगळ्यांना आहे, ज्यांचं नावही कुणी घेत नाही, त्या मालिकांना तर या यादीशिवाय वालीच नाही.

तोवर उरतात घरोघरच्या व्हीएचएस कॅसेट. कुणी हौसेने रेकॉर्ड केलेला एखादा भाग लग्नाच्या कॅसेटच्या शेवटीही असू शकतो. पण रायगडच्या पावसाळी दमटपणात टेपला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही चिकटते. आधी ती जाणकाराकडून साफ करून घ्या आणि मगच डिजिटल कॉपी काढा.