माळावरची गाडी थांबवायला गोळीची वाट कशाला?



आज पिकाचं नाही, रात्री माळावर फिरणाऱ्या गाड्यांचं लिहितोय. कर्जत, श्रीगोंदा, जामखेडकडच्या सगळ्यांच्याच कामाचं आहे.

आपल्याकडं पक्का समज आहे की फॉरेस्ट गार्डचा अधिकार रेहेकुरीच्या हद्दीपुरताच. 1980 साली झालेलं हे काळवीट अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. काळवीट काय हद्द बघून चरत नाही, ते आपल्या हरभऱ्यात येतं. शिकारबंदीही त्याच्या मागं आपल्या बांधापर्यंत येते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 50 : गुन्हा झाल्याचं मानायला सबळ कारण असेल तर वन अधिकारी, अगदी वनरक्षकसुद्धा, गाडी थांबवून झडती घेऊ शकतो. पोलिसांत मात्र हा अधिकार फौजदाराच्या खाली नाही.

दुसरा गैरसमज, मांस सापडलं तरच गुन्हा. वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. म्हणजे गाडी काळविटामागं घातली की झालं, गार्डनं गोळी सुटायची वाट बघायची गरज नाही.

बरेच जण म्हणतील, "मरू दे, आमचं पीक खातंय." खातंय, खरंय. पण त्याला उपाय पंचनामा आणि नुकसानभरपाई. ती वेळेत मिळत नसेल तर तिच्यासाठी भांडू. शिकारी काय आपलं पीक राखायला येत नाही. त्याची गाडी ठिबकच्या नळ्यांवरून जाते. आणि रात्रीच्या लाईटला दारं धरणारा माणूस कुठं उभा आहे, हे अंधारात सुटलेल्या गोळीला कळत नाही.

मग आपला कांद्याचा पिकअप उगाच अडवला तर? त्याचीही सोय कायद्यात आहे. निव्वळ त्रास द्यायला विनाकारण जप्ती केली आणि ते सिद्ध झालं, तर कलम 53 खाली जप्ती करणाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून माझं मत, गार्डचा अधिकार कमी करा असं म्हणू नका. झडती झाली तर नोंद मागा, एवढंच.

खरी अडचण वेगळी आहे. जीपमध्ये चार जण बंदूक घेऊन, आणि समोर एकटा गार्ड काठी घेऊन. कागदावरचा अधिकार तिथं काय कामाचा? रात्रीच्या गस्तीला चारचाकी आणि जोडीला माणूस द्या, असा ठराव ग्रामसभेत घ्यायला हवा.

आणि 'सबळ कारण' गार्डला द्यायचं कोणी? रात्री रानात असतो आपणच. ट्रॅक्टरचा उजेड तासानं सरळ जातो. शिकारीच्या गाडीचा उजेड माळभर फिरतो, थांबतो, परत वळतो. राजस्थानात कांकाणीला 1998 साली काळविटांची शिकार झाली, तो सलमान खानवरचा खटला बिष्णोई गावकऱ्यांच्या साक्षीवर उभा राहिला. 2018 साली जोधपूरच्या न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली, त्यावर पुढं अपील झालं.

एक मात्र ध्यानात ठेवा, गाडी आपण आडवी घालायची नाही. समोर हत्यार असतं. गाडीचा नंबर, वेळ, दिशा आणि गट नंबर टिपा, वन विभागाच्या 1926 वर फोन लावा. थांबवायचं काम गार्डचं, त्याला वेळेवर कळवायचं काम आपलं.