पॉइंटर कोणाचा, फ्री कोणी करायचा?

प्रति,
ओपनएसएसएल लायब्ररी सांभाळणारी मंडळी

विषय : ऑब्जेक्ट तयार करणे व फ्री करणे यासंबंधी मागण्या



सी भाषेत ही लायब्ररी रोज वापरणाऱ्या प्रोग्रामरांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र. सीमध्ये मेमरी आपोआप परत जात नाही. ती सोडायची राहिली तर अखंड चालणारा सर्व्हर फुगत जातो. दोनदा सोडली तर कोसळतो, आणि हल्लेखोराला शिरकावही मिळू शकतो. म्हणून हाती आलेला पॉइंटर आमचा की लायब्ररीचा, हे फंक्शनच्या नावातच दिसले पाहिजे.

आज ते दिसत नाही. सर्टिफिकेटवर एक्स५०९_गेट_पबकी बोलावले की रेफरन्स काउंट वाढतो आणि मिळालेली की आम्हीच फ्री करायची असते. त्याच सर्टिफिकेटवर एक्स५०९_गेट_सब्जेक्ट_नेम बोलावले तर सर्टिफिकेटच्या पोटातलाच पॉइंटर मिळतो. तो फ्री केला की घात. नवशिक्याने हे ओळखायचे कसे? उपाय तुमच्याकडेच आहे. गेट० म्हणजे मालकी लायब्ररीची, गेट१ म्हणजे आमची, ही तुमची पद्धत आम्हाला मनापासून पटते. ती सगळ्या जुन्या फंक्शनांना लावा आणि संदिग्ध नावे टप्प्याटप्प्याने बंद करा, ही पहिली मागणी.

दुसरी मागणी आम्हाला सर्वांत निकडीची वाटते. फंक्शन अपयशी ठरल्यावर पॉइंटरचे काय होते, तेही ठरलेले हवे. फेब्रुवारी २०२३मध्ये दुरुस्त झालेला सीव्हीई-२०२२-४४५० हा दोष आठवा. पीईएम_रीड_बायो_एक्स या फंक्शनला आत शून्य बाइट डेटा असलेली पीईएम फाइल दिली की ते अपयश कळवी. पण हेडरचा पॉइंटर आधीच फ्री झालेल्या बफरकडे बोट दाखवत राही. बोलावणाऱ्याने शिस्तीने साफसफाई केली की डबल फ्री! ज्याने नीट काम केले त्याचाच प्रोग्राम पडे. यापुढे अपयशाच्या प्रत्येक वाटेवर असे पॉइंटर नल करून द्यावेत, मॅन्युअलमध्ये तसे लिहावे, आणि प्रत्येक अ‍ॅलोकेशन मुद्दाम फसवून या वाटा तपासणाऱ्या चाचण्या ठेवाव्यात.

तिसरी मागणी गुपितांची. बीएन_फ्री साधा आकडा न पुसता सोडते, बीएन_क्लिअर_फ्री पुसून सोडते. घाईत लिहिणारा छोटे नाव उचलतो आणि खासगी कीचे तुकडे मेमरीत उरतात. फ्रीच्या आधी मेमसेट करावे, तर ती जागा पुढे कोणी वाचत नाही म्हणून कंपायलर ते गाळू शकतो. त्यामुळे साध्या फ्रीनेच पुसावे. सार्वजनिक डेटासाठी न पुसणारे वेगळे फंक्शन द्यावे. वेग थोडा कमी होईल, ते आम्हाला मान्य आहे.

नावे बदलणे, मॅन्युअलची पाने आणि चाचण्या लिहिणे यासाठी आमचे सभासद तयार आहेत. कोणत्या फंक्शनांपासून सुरुवात करायची, तेवढे कळवावे.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद