काठी घट्ट होती म्हणजे काय होते?

गेल्या श्रावणात कळसूबाईहून बारी गावाकडे उतरताना माझ्या पुढे चालणाऱ्या मामांची ट्रेकिंगची काठी एकाएकी वीतभर आखूड झाली. मामांचा तोल गेला आणि मनगटाचे हाड मोडले. इस्पितळात ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अरे, मी घट्ट पिळली होती." उतईला परतल्यावर ती काठी मी उलगडून पाहिली. त्यानंतर हे लिहिणे मला आवश्यक वाटले.

मामा खोटे बोलत नव्हते. पिळून बसणाऱ्या कुलपात आतल्या नळीच्या टोकाला आट्यांचा दांडा असतो व त्यावर प्लास्टिकचा एक्स्पांडर. नळी फिरवली की शंकूचा भाग एक्स्पांडरमध्ये शिरतो, तो फुगतो आणि बाहेरच्या नळीला आतून दाबून धरतो. मात्र हे घडण्यासाठी एक्स्पांडर जागचा हलता कामा नये; म्हणजे भिंतीशी त्याचे थोडेसे घर्षण आधीपासूनच हवे. घर्षण निर्माण करण्यासाठी घर्षणाचीच उसनवारी! नळीत पाणी वा चिखलाचा थर असला की एक्स्पांडर दांड्याबरोबर गरगर फिरतो, फुगत नाही. आट्यांत रेती अडकली असेल तर फसवणूक अधिक गंभीर. हाताला विरोध जाणवतो, पण तो रेतीचा. भिंतीवरची पकड ढिलीच राहते.

भिलाईच्या परिसरात वाढलेल्यांना यातला विरोधाभास गमतीचा वाटेल. रुळावर चाक घसरू लागले की इंजिन रेती टाकते, कारण तेथे रेतीने पकड वाढते. तीच रेती काठीत शिरली की पकड हरवते. पदार्थ तोच, जागा बदलली.

लिव्हरच्या कुलपाची रचना निराळी आहे. बाहेरच्या नळीच्या चिरलेल्या टोकाभोवती पट्टा असतो आणि सायकलच्या सीटखालच्या खटक्याप्रमाणे कॅम तो आवळतो. ओला चिखल येथेही घर्षणांक कमी करतोच, हे मान्य केले पाहिजे. परंतु घर्षणबल हे घर्षणांक आणि लंबदाब यांच्या गुणाकाराइतके असते आणि येथे लंबदाब स्क्रूने वाढवता येतो. शिवाय खटका मिटला आहे की उघडा, हे दिसते. गारठलेल्या, ओल्या हातांनीही तो मिटतो. दोष आहेत: वजन किंचित अधिक, कारवीच्या झुडपांत लिव्हर अडकतो आणि स्क्रू हळूहळू सैल होतो. पण सैल स्क्रू घरी तपासता येतो. पिळाच्या कुलपाचा बिघाड नळीच्या पोटात दडलेला असतो.

तिसरा प्रकार बटणाचा. त्यात धातूची खिटी छिद्रात बसते, घर्षणावर भिस्त नाही. मात्र लांबी ठरावीक टप्प्यांतच मिळते किंवा मुळीच बदलत नाही. उतारावर काठी चढणीपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर लांब हवी असते. तेव्हा ही अडचण क्षुल्लक नाही.

उतार हीच खरी कसोटी आहे. साल्झबुर्गच्या हेर्मान श्वामेडर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काठ्यांमुळे उतरताना गुडघ्यावरील बले साधारण १२ ते २५ टक्के कमी झाल्याचे आढळले. हा भार नाहीसा होत नाही, त्यातला काही काठीकडे जातो. ७० किलोच्या माणसाने २० किलोचा भार जरी टाकला तरी सुमारे २०० न्यूटन बल त्या एका सांध्याने पेलायचे असते, तेही धक्क्याने. जाहिराती मात्र कार्बन आणि ग्रॅम यांचीच भाषा बोलतात. कुलपाची पकड किती न्यूटन, हे वेष्टनावर छापावे अशी सक्ती असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर, सह्याद्रीच्या पावसात जाणाऱ्याने लिव्हरचेच कुलूप घ्यावे. पिळाची काठी घरी असेल तर टाकून देऊ नका. प्रत्येक सहलीनंतर ती पूर्ण उलगडा, पुसा, सावलीत वाळवा आणि आत तेल कदापि घालू नका. निघण्यापूर्वी काठी जमिनीवर रोवून अंगाचा भार टाकून पाहा.

मामांच्या काठीत तांबूस चिखल तर होताच, पण आट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा वासही येत होता. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी ते मोठ्या प्रेमाने घातले होते.