दुपारी बारा वाजताची डोंबिवली

मा. संपादक,


गेल्या रविवारच्या पुरवणीतला उपनगरांवरचा लेख दोनदा वाचला. लेखकांनी डोंबिवली, बदलापूर, विरार या सगळ्यांना एका माळेत ओवून ‘मुंबईची शयनगृहे’ म्हटलं आहे. माणसं इथे पाठ टेकायला येतात, गावाला स्वतःचं असं दिवसाचं आयुष्य नाही, तेव्हा इथल्या लोकांची खरी गरज एकच, ती म्हणजे जादा लोकल, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलेलं नाही. त्यात काय राहून गेलं आहे ते कोणीतरी लिहायला हवं, म्हणून हे पत्र.

अशा लेखाला डोंबिवलीकर एरवी जे उत्तर देतात ते मी देणार नाही. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा 1999 साली गणेश मंदिर संस्थानाने इथे सुरू केली आणि मग ती गावोगावी गेली, दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे इथे राहिले, 2017 साली नव्वदावं साहित्य संमेलन इथे भरलं. सगळं खरं आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण यातलं बरंचसं सणाचं, सुट्टीचं आहे. माझा मुद्दा साध्या मंगळवारचा आहे.

1988 साली लग्न होऊन मी टिळकनगरात आले आणि 2022 साली निवृत्त होईपर्यंत फोर्टातल्या बँकेत नोकरी केली. चौतीस वर्षं. सीएसएमटीपर्यंत 48 किलोमीटर, जलद गाडी मिळाली आणि मध्ये रखडली नाही तरी तास सव्वातास. सकाळी सव्वासातला घर सोडायचं, रात्री पावणेआठला परत. येताना लेडीज डब्यात मेथी निवडून व्हायची, मटार सोलून व्हायचे. त्या वर्षांत मला कोणी विचारलं असतं तर मीही लेखकांसारखंच बोलले असते, कारण कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता माझी गल्ली कशी दिसते हे मला माहीतच नव्हतं.

ते कळलं निवृत्तीनंतर. आमची इमारत 1984 सालची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर काकू राहतात, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या दाराच्या मागे लाकडी पट्टीवर नऊ खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याला एका घराची किल्ली. किल्ल्यांना वेगवेगळ्या रंगांच्या लोकरीचे गोंडे, कारण काकूंना आता आकडे नीट दिसत नाहीत. हिरवा आमचा. साडेबाराला शाळेतून मुलं येतात, दप्तर पाठीवर ठेवूनच सेफ्टी दारातून हात आत घालतात आणि आपापला रंग मागतात. काकू किल्ली देण्याआधी डबा उघडून बघतात. डब्यात भाजी उरली असेल तर किल्ली मिळायला वेळ लागतो. गॅसचा सिलिंडर त्याच उतरवून घेतात, कुरिअरवर सही त्यांचीच, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दुपारची गोळी घेतली का हे विचारायला कुणीतरी वर जातंच. हे सगळं माझ्या माघारी चौतीस वर्षं चाललेलं होतं.

त्याची किंमत मला एकदाच पुरती कळली. 26 जुलै 2005, मुंबईतल्या महापुराचा दिवस. यजमान कामानिमित्त नागपूरला, मी ऑफिसात अडकलेली, गाड्या बंद, फोन लागेना. मुलगी तिसरीत होती. रात्र आम्ही शाखेत खुर्च्यांवर काढली. दुसऱ्या दिवशी काही चालत, काही मिळेल त्या वाहनाने येत रात्री घरी पोहोचले तेव्हा मुलगी काकूंच्या कुशीत झोपली होती आणि माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. काकू एवढंच म्हणाल्या, “आधी पाय धू.” शयनगृहातली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आम्ही ओळखतो, याचं कारण दिवसभर गावात कोणीतरी असतं.

तीच गोष्ट पोळीभाजी केंद्रांची. बाहेरगावच्या लोकांना त्यांचं कौतुक वाटतं, पण ती चालतात कशी ते कोणी बघत नाही. आमच्या मागच्या गल्लीतल्या केंद्रात चार बायका आहेत. दुपारी दीडला कणीक मळायला घेतात, पाच वाजता पोळपाट मांडतात आणि साडेसहापासून स्टेशनकडून येणारी रांग संपेपर्यंत एकीचाही हात थांबत नाही. शेजारी एक मावशी गवार मोडून, फरसबी चिरून पिशव्या भरत असतात. मी वर्षानुवर्षं त्या पिशव्या घेतल्या. त्या भरणारे हात मी पहिल्यांदा पाहिले ते साठी उलटल्यावर. मुंबईतल्या किती कचेऱ्या या चिरलेल्या गवारीवर चालल्या असतील! शिवाय साठच्या दशकापासून इथे औद्योगिक वसाहत आहे, म्हणजे सकाळी इथे कामावर येणारी माणसंही आहेत. लेखात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

लोकलचा प्रश्न मी हलका मानत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी पडले, जीव गेले. त्या दारात मी स्वतः उभी राहिले आहे, पुढच्या बाईची ओढणी मुठीत धरून. गाड्या वाढल्याच पाहिजेत. पण गावाला एकदा शयनगृह म्हटलं की त्याचा सगळा विचार सकाळच्या आणि संध्याकाळच्या तीन-तीन तासांपुरता होतो. माणसं स्टेशनपर्यंत पोहोचवा आणि तिथून परत आणा, बस. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं होती. ती सगळी आठ वाजता गाडीत बसत नाहीत. मागे राहणाऱ्यांत म्हातारी आहेत, शाळकरी मुलं आहेत, दुकानदार, शिक्षक, परिचारिका, घरकाम करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यासाठी काय आहे? बाजारात दोन तास हिंडणाऱ्या बाईला स्वच्छ स्वच्छतागृह शोधावं लागतं. काकूंना पेन्शनसाठी बँकेत जायचं असेल तर पदपथावर स्कूटर उभ्या, म्हणून त्या रिक्षांच्या मधून रस्त्यावरून चालतात. मध्ये बसायला सावलीत एक बाकडं नाही. या मागण्या लहान आहेत आणि त्यांना पुलाइतका पैसाही लागत नाही. लागतो तो दुपारी या रस्त्यावर माणूस असतो हे मानणारा अधिकारी.

आता शयनगृहाचा हा विचार आमच्या घरापर्यंत आला आहे. इमारत पुनर्विकासाला चालली आहे. व्हावाच, प्लास्टर पडतंय आणि जिना काकूंच्या भेटीला येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही झेपत नाही. विकासकाने दाखवलेल्या आराखड्यात बावीस मजले आहेत, वाहनतळाचे चार, गच्चीवर व्यायामशाळा. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘स्टेशन सात मिनिटांवर’. ही इमारत लवकर बाहेर पडणाऱ्या आणि उशिरा परत येणाऱ्या माणसांसाठी आखली आहे हे बघताक्षणी कळतं. तळमजल्यावर पहारेकऱ्याची खोली सोडली तर बसण्याची एक जागा नाही. मजल्यांवरच्या वाटा बंदिस्त, समोरासमोर दारं नाहीत. काकूंना चौदावा मजला आला आहे. त्यांनी मला विचारलं, “मुलं किल्ली मागायला वर कशी येतील गं?”

मी सोसायटीला लेखी कळवलं आहे की तळमजल्यावर दोनशे चौरस फुटांची एक खोली हवी, रस्त्याकडे खिडकी असलेली, दिवसभर उघडी राहणारी, आणि हे करारनाम्यात यायला हवं. तेवढ्या जागेत दोन गाड्या बसतात असं उत्तर मिळालं. सभासदांची पुढची सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. पट्टी आणि नऊ किल्ल्या मी सभेत घेऊन जाणार आहे. काकूंनी परवानगी दिली आहे, मात्र सभा संपल्यावर लगेच परत आणून लावायच्या, कारण सोमवारी शाळा आहे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
टिळकनगर, डोंबिवली (पूर्व)